यह इमारत गिरनी है

धामणकर आप्पांनी मला खोली देण्याआधी एकच प्रश्न विचारला होता. नोकरी कुठे, लग्न झालंय का, माहेरचं कोण येऊन राहणार का, असल्या गोष्टींशी त्यांना देणंघेणं नव्हतं. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत दोन बॅगा घेऊन मी धापा टाकत उभी होते. मध्ये एक गाय होती. गाईच्या पलीकडून आप्पांनी विचारलं, "तुमच्या गावात गिरणी आधी आली की गाव?"

मी कोपरगावकडची. बँकेने बदली करून काशीला धाडल्यामुळे मी आधीच वैतागलेली होते, त्यात हा प्रश्न. "गाव आधी," मी जरा तोऱ्यातच म्हणाले. आप्पांनी दुखवट्याला आल्यासारखी मान हलवली. "होतं असं पुष्कळ गावांचं," ते म्हणाले. "या, आत येऊन जा."

मला वाटलं, आत येऊन लगेच निघून जायला सांगतायत. पुढे कळलं की ते 'आ जाइए'चं मराठी होतं. धामणकरांची ही काशीतली चौथी पिढी. घरात मराठी होती, पण तिला गंगेचं पाणी चांगलंच लागलं होतं. आप्पांना काही कळत नसे, 'माहीत पडत' असे. ते जेवत नसत, 'जेवून घेत' असत. तरुणपणी एकदा ते पुण्याला कुणाच्या लग्नाला गेले होते आणि पंगतीत त्यांनी "मला श्रीखंड आवडून राहिलं आहे" असं म्हटल्यावर अख्खी पंगत हसली होती. तेव्हापासून त्यांनी महाराष्ट्रात पाऊल टाकलं नाही. हा प्रसंग त्यांनी मला तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा शेवट एकच केला. "मराठीत माझं चुकत असेल, मॅनेजरबाई. हिंदीत कोणी माझी एक चूक काढून दाखवावी."

मी मॅनेजर नव्हते, साधी अधिकारी होते. पण आप्पांनी एकदा एखाद्याला नाव दिलं की ते बदलत नसत.

हिंदीचा त्यांना अभिमान असायला कारण होतं. तीस वर्षं ते हिंदीचे मास्तर होते, तेही शहरात नाही, गंगेपलीकडच्या पडावच्या पुढे जीपने दीड तासावर असलेल्या पिसौनी नावाच्या खेड्यात. रोज जाऊन येऊन नोकरी केली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती तरी मंगळवार-शुक्रवार ते पिसौनीला जातच होते. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी पहिल्यांदा विचारलं की आप्पा कुठे गेले, तेव्हा त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सासरी." काकूंचं माहेर जबलपूरचं, आणि त्या बोलायच्या कमी पण वेळ साधून.

पिसौनीत गाव नंतर आलं. आधी गिरणी आली. कालव्याचं पाणी जिथे एकदम खाली उतरतं तिथे कुणीतरी पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी बांधली. दगडी इमारत, खाली आडवी पडलेली चाकं, वर जात्यांच्या पाच जोड्या. आसपास दुसरी गिरणी नव्हती, म्हणून चहूकडून बैलगाड्या यायला लागल्या आणि रांग लागायला लागली. पाळी यायला दोन दोन, तीन तीन दिवस. थांबलेल्या लोकांसाठी एक हलवाई आला, मग न्हावी आला, मग थांबलेल्यांच्या मुलींची थांबलेल्यांच्या मुलांशी लग्नं जमायला लागली. आप्पांच्या मते पिसौनी हे जगातलं एकमेव गाव होतं, जे दळणाच्या पाळीची वाट बघता बघता वसलं. दळण झालं, पीठ संपलं, पण माणसं परत गेली नाहीत.

आणि या गोष्टीचा गावाला इतका अभिमान की घराणी अजून पाळीच्या आकड्याने ओळखली जात. पहिले, दुसरे, तिसरे. लग्नाच्या पंगतीत वाढायला सुरुवात पहिल्यांपासून होई. तिसऱ्यांपर्यंत सगळं सुरळीत होतं, पुढे घोटाळा होता. गावात चौथे दोन होते आणि पाचवं कुणीच नव्हतं. रामधनीचं घराणं म्हणे, आमची गाडी चौथी. लालताचं घराणं म्हणे, तुमचा आजा मध्येच घुसला, चौथे आम्ही. दोघे शेजारी राहत, दोघांच्या म्हशी एका झाडाखाली बांधलेल्या, आणि दोघांत तीन पिढ्या बोलणं नाही. म्हशींचं काय होतं मला माहीत नाही.

आप्पांना हे भांडण जिवापाड प्रिय होतं, कारण त्यांची इतिहास लिहिण्याची सगळी पद्धत त्यावर उभी होती. ते पिसौनीचा इतिहास लिहीत होते. शाळेच्या उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कागदांवर, समासात गुणांची जागा सोडून. त्यांचा नियम असा, की जी गोष्ट एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं सारखीच सांगतात ती खरी. बाकी सगळी अफवा. "मित्रांचं काय आहे," ते मला समजावत, "ते आपसात ठरवून घेतात." त्यामुळे ते काही विचारायचं असलं की आधी रामधनीकडे जात, चहा घेत, मग दहा पावलं चालून लालताकडे जात, पुन्हा चहा घेत, आणि दोन्ही उत्तरं जुळली की कागदावर बरोबरची खूण करत. एकदा कुणाच्या तेराव्याला रामधनी आणि लालता एकमेकांकडे बघून हसले असं त्यांच्या कानावर आलं तर दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पिसौनीला गेले ते रविवारी, काकूंच्या आग्रहाने. "जाऊन बघून घ्या एकदा," काकू म्हणाल्या, "म्हणजे हे कुठे जातात ते पुन्हा विचारणार नाही तुम्ही." गावात शिरले आणि हसू आवरेना. गावभर निळ्या रंगाच्या पाट्या, सगळ्या आप्पांच्या अक्षरात. 'यहाँ पहली गाड़ी रुकी.' 'यहाँ हलवाई की भट्ठी थी, अब नहीं है.' 'यहाँ रामधनी के आजा और लालता के आजा में कहासुनी हुई.' एका चांगल्या बांधलेल्या दुमजली घरावर पाटी होती, 'यहाँ कुछ नहीं था.' घरमालक आम्हाला बघून बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला की गुरुजी, निदान काहीतरी लिहा, मुलीला बघायला येतात ते आधी ही पाटी वाचतात. आप्पांनी त्याला शांतपणे सांगितलं की ते शोध घेतायत, पण अजून तिथे काही नव्हतंच असं दिसतंय.

गिरणी मात्र खरोखर देखणी होती. बंद पडून बरीच वर्षं झाली होती, बाजारात विजेवरच्या चक्क्या आल्यावर इथे कोण येणार. छपराची एक बाजू बसली होती. पण आत गेल्यावर गार वाटायचं, आणि भिंतींच्या फटींत अजून पांढरट पीठ होतं. आप्पा जात्याच्या दगडावर हात ठेवून उभे राहिले तेव्हा त्यांची सगळी मास्तरकी गळून गेली. टाकी लावलेल्या खाचांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मला म्हणाले की इथे चार जोड्या आहेत, पाचवी एका हॉटेलवाल्याने बागेत ठेवायला उचलून नेली. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. मला तोवर हे सगळं एका म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटत होतं. त्या दिवशी कळलं की ही गिरणी गेली तर या माणसाचं काहीतरी कायमचं जाणार आहे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या कानावर पडली होती आणि मी ती सोडून दिली. गावातले सगळे त्या इमारतीला 'गिरनी' म्हणत होते. म्हातारे, बायका, पोरं, सगळे. मला छान वाटलं, आपलाच शब्द. माझी हिंदी बँकेच्या अर्जांपुरती. मला वाटलं, हिंदीतही म्हणत असतील.

आणखी एखादी जोडी जाऊ नये म्हणून आप्पांनी सरकारदरबारी अर्ज करायचं ठरवलं. इमारत वारसा म्हणून नोंदवून घ्या, असा अर्ज. तो लिहायला त्यांनी पावणेदोन महिने घेतले. रोज सकाळी चहाबरोबर एक वाक्य वाचून दाखवत. शेवटी जे तयार झालं त्यातलं मधलं वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडलं होतं की ते त्यांनी रामधनीला आणि लालताला वेगवेगळं वाचून दाखवलं, आणि दोघांनीही वाहवा केली. ते वाक्य असं होतं: 'महोदय, यह इमारत गिरनी है, और पूरे गाँव को यह गिरनी चाहिए।'

मीही वाहवा केली होती. खोटं कशाला सांगू.

तीन महिन्यांनी कनिष्ठ अभियंता पाहणीला आले. तिकडे त्यांना सगळे जेई साहब म्हणतात. मी बँकेत होते. आप्पांनी संध्याकाळी येऊन सगळं सांगितलं, हातात पेढ्यांचा पुडा होता. साहेब मोठा सज्जन माणूस. गावात शिरल्या शिरल्या त्यांनी माणसं बोलावली आणि अर्ज समोर धरून विचारलं, "क्यों भाई, यह इमारत गिरनी है?" सगळं गाव एका सुरात म्हणालं, "हाँ साहब, गिरनी है." साहेबांनी विचारलं, "सबको गिरनी चाहिए?" सगळे म्हणाले, चाहिए. साहेबांना जरा नवल वाटलं, इतकं एकमत त्यांनी कुठल्या गावात पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी रामधनीला बाजूला घेऊन विचारलं, मग लालताला वेगळं विचारलं. दोघेही तेच बोलले. "माझीच पद्धत, मॅनेजरबाई," आप्पांचे डोळे भरून आले होते. "साहेबाने माझ्याच पद्धतीने तपासून घेतलं." जाताना साहेबांनी आप्पांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की असे जागरूक नागरिक हल्ली कुठे मिळतात, काम लवकरच करून टाकू.

कामाचं पत्र महिन्याभरात आलं. आप्पांनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग माझ्याकडे दिलं. 'आपके प्रार्थना-पत्र तथा ग्रामवासियों की सर्वसम्मति के आधार पर' सदर जर्जर इमारत पाडण्याची तारीख ठरवण्यात आली होती.

आप्पा म्हणाले की टाइप करणाऱ्याने चूक केली. मी अर्ज आणि पत्र शेजारी ठेवून वाचले. यह इमारत गिरनी है. ही इमारत पडायची आहे. पूरे गाँव को यह गिरनी चाहिए. ही पडायला हवी. मला ते तोंडाने बोलवेना. बोलल्या त्या काकू. त्यांनी कुकर खाली उतरवला आणि हळूच म्हणाल्या, "हिंदीत चक्की म्हणतात त्याला. गिरनी असा शब्द नाहीये हिंदीत."

"नाही कसा," आप्पा म्हणाले. "पाणी, पानी. राणी, रानी. कहाणी, कहानी. ण चा न होतो. गिरणी, गिरनी."

"तेवढा एकच नाही झाला," काकू म्हणाल्या.

आप्पांनी कपाटातून हिंदी शब्दकोश काढला. आम्ही दोघी बघत होतो. पान सापडलं, बोट खाली सरकत गेलं, पुन्हा वर गेलं. मग त्यांनी शब्दकोश मिटला आणि काकूंना विचारलं की तुला माहीत होतं तर कधी बोलली का नाहीस. काकू म्हणाल्या की बेचाळीस वर्षांपूर्वी बोलणार होते, तेव्हा तुम्ही नुकतेच पुण्याहून आलेले होतात.

त्या दिवशी आप्पा जेवून घेणार नाही म्हणाले आणि खरंच जेवले नाहीत.

ठरलेल्या दिवशी मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. पिवळा जेसीबी गिरणीसमोर उभा होता आणि अख्खं गाव भोवती जमलं होतं, अजून कुणाला काही कळलेलं नव्हतं. त्यांची समजूत होती की सरकार गिरणी दुरुस्त करायला आलंय. कुणीतरी यंत्राला हार घातला होता. आप्पांनी जेई साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साहेब खरंच सज्जन होते, ते हसले नाहीत, पण त्यांना पेच पडला. आदेश निघाला होता. तो थांबवायचा तर कागदावर कारण हवं. ते म्हणाले, "लिखकर दीजिए कि यह शब्द हिंदी नहीं है. आप तो हिंदी के अध्यापक थे न?"

आप्पा गिरणीच्या पायरीवर बसले आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागले. ज्या माणसाने एक अर्ज लिहायला पावणेदोन महिने घेतले होते त्याने हे चार ओळींत संपवलं. मी खांद्यावरून वाचलं. 'गिरनी हिंदी का शब्द नहीं है। यह मेरे घर का मराठी शब्द है। मैंने तीस वर्ष इसे हिंदी समझकर बच्चों को पढ़ाया। यह मेरी भूल है।' खाली नाव, आणि नावापुढे, सवयीने, हिंदी अध्यापक. ते त्यांनी खोडलं.

एवढ्यावर सुटलं असतं. पण साहेबांनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला आणि गाव खवळलं. रामधनी पुढे आला. त्याचं म्हणणं, गुरुजी खोटं बोलतायत, कुणीतरी त्यांच्यावर दबाव आणलाय. शब्द हिंदीच आहे, आम्ही पहिलीत शिकलोय. लालता म्हणाला, अगदी बरोबर. तीन पिढ्यांत पहिल्यांदा चौथे आणि चौथे एकमेकांच्या बाजूने उभे राहिले, तेही एकमेकांकडे बघत. एक म्हातारी म्हणाली की तिच्या आजीच्या तोंडीही हाच शब्द होता, जे शक्यच नव्हतं. साहेब बिचारे घाम पुसत म्हणाले, की सगळं गाव म्हणतंय शब्द हिंदी आहे, म्हणजे मग अर्जाचा अर्थ तोच होतो, म्हणजे मग इमारत पाडावी लागेल. गावाने पुन्हा सांगितलं, हाँ साहब, गिरनी है. जेसीबीवाल्याने यंत्र सुरू केलं.

आता आप्पांच्या हातात काय उरलं होतं? स्वतःच्या तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना, ते चुकले आहेत हे पटवून द्यायचं, आणि विद्यार्थी त्यांच्या प्रेमापोटी ऐकायला तयार नव्हते.

ते उठले आणि त्यांनी मास्तरांच्या आवाजात सगळ्यांना रांगेत उभं राहायला सांगितलं. आणि गाव राहिलं. पिकलेल्या मिशांची माणसं, नातवंडं कडेवर घेतलेल्या बायका, दुमजली घराचा मालक, सगळे उंचीप्रमाणे उभे राहिले. आप्पा रांगेपुढून चालत गेले आणि मधोमध थांबले.

"बोलो," ते म्हणाले. "चक्की."

रामधनी मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, ई तो हमार गिरनी हौ."

"चक्की," आप्पा म्हणाले. "बोलो."

रांगेतून दोन-तीन आवाज आले. मग थोडे आणखी. आप्पांनी हात वर करून पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा, पुन्हा, आणि पाचव्या-सहाव्या वेळी सगळं गाव कालव्याच्या काठावर उभं राहून ओरडत होतं, चक्की, चक्की, चक्की. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं, आणि खरं सांगायचं तर आप्पांचा रागही आला होता, की इतकं कशाला, कुणीतरी दुसऱ्याने हे करावं. आप्पा मात्र वर्गात असतात तसे मागे हात बांधून ऐकत होते, कुणाचा उच्चार सैल पडतोय का ते. लालताचा पडला. त्याला त्यांनी वेगळं म्हणायला लावलं.

जेई साहेबांनी जेसीबी बंद करवला आणि नोंदवहीत लिहिलं की सदर इमारत चक्की आहे, सुस्थितीत आहे, पाडण्याचं कारण नाही. गिरणी वाचली. पुढे वर्षभराने ती वारसा म्हणून नोंदलीही गेली, छपराला नवीन पत्रे आले. आप्पा त्या कार्यक्रमाला गेले होते, पण त्यांना भाषणाचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी फक्त हात जोडले.

हिंदी बोलणं त्यांनी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. भाजीवाल्याशी बोलतानाही वाक्याच्या मध्ये थांबत आणि काकूंकडे बघत. मला सकाळी चहाला विचारत, "मॅनेजरबाई, 'अंगण' हिंदी आहे ना?" मी म्हणे, 'आँगन' आहे. ते म्हणत, म्हणजे अंगण नाही. एका वहीत त्यांनी घरातले सगळे शब्द लिहायला घेतले होते, एका बाजूला आपले, दुसऱ्या बाजूला त्यांचे, आणि प्रत्येकापुढे शब्दकोश बघून खूण. शब्दाशब्दाला पाय चाचपून टाकावा तसे बोलत. चार पिढ्या ज्या गल्लीत राहिलो तिथे आपण अजून पाहुणे आहोत की काय, अशी शंका त्यांना आली असावी. मला त्यांचं फार वाईट वाटायचं आणि मी काहीच करू शकत नव्हते, कारण मीही तिथली नव्हते.

दोन वर्षांनी माझी बदली झाली, नागपूरला. निघायच्या दिवशी काकू दारातूनच निरोप घेऊन आत गेल्या. डोळे पुसायचे असले की त्यांना आत काहीतरी काम निघे. आप्पा मात्र गल्ली उतरून चौकापर्यंत आले, माझी एक बॅग हट्टाने स्वतः उचलून. ई-रिक्षा उभी होती. चालवणारा चाळिशीचा गडी होता, त्याने स्टेशनला जायचं का विचारलं आणि बॅगा आत घेतल्या. आप्पा काहीतरी बोलायला जात होते आणि थांबत होते. मला वाटलं, शब्द शोधतायत. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो काढायच्या आतच रिक्षावाल्याला म्हणाले,

"भैया, सँभालकर ले जाना. हमारी लेक है."

ते थांबले नाहीत, माझ्याकडे विचारायला बघितलं नाही, काही नाही. रिक्षावाल्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मी बसावं म्हणून सीटवरची धूळ आपल्या गमछाने पुसली.

"आप चिंता न करें, गुरुजी," तो म्हणाला. "समझ गए."